भर दिवसा रस्ता ओस कसा पडतो?

फुलबाजी पेटवून हात गरगर फिरवला की हवेत प्रकाशाचे कडे उमटते, हे दिवाळीत पोरासोरांनाही ठाऊक असते. वास्तविक कडे कुठेच नसते. असतो तो एकच जळता ठिपका. पण मागची जागा डोळ्यातून पुसली जाण्याआधीच तो पुढच्या जागी जाऊन पोचतो, म्हणून आपल्याला सबंध वर्तुळ दिसते. कॅमेऱ्याची झडप दोन-चार सेकंद उघडी ठेवली तर हे कडे छायाचित्रातही येते, आणि डोळ्यातल्यापेक्षा कितीतरी टिकाऊ येते. त्यात मोठेसे कौशल्य नाही. रात्रीचा अंधार सगळे काम आयते करून ठेवतो.

खरी गंमत आहे ती दिवसा. टळटळीत उन्हात, भरल्या बाजारात कोणी कॅमेऱ्याची झडप आठ-दहा सेकंद उघडी ठेवून बसला, तर त्याला काय मिळेल? पहिले उत्तर अगदी सोपे आहे. त्याला पांढराफटक कागद मिळेल. उन्हात प्रकाश इतका असतो की कॅमेऱ्याला तो क्षणभरही पुरून उरतो. फोटोवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. स्वच्छ ऊन, शंभर संवेदनेची फिल्म आणि भिंगाचे छिद्र सोळावर असेल, तर झडप सेकंदाचा सुमारे सव्वाशेवा भाग उघडावी. चित्र बरोबर येते. सव्वाशेव्या भागाच्या जागी आठ सेकंद म्हणजे हजारपट प्रकाश! घोटभर पाण्याच्या पेल्यात अख्खी घागर ओतण्याचाच हा प्रकार.

यावर उपाय आहे आणि तोही साधा आहे. भिंगापुढे एक काळी काच लावायची. बाजारात तिला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. न्यूट्रल अशासाठी की ती रंगात ढवळाढवळ करत नाही. निदान करू नये अशी अपेक्षा असते. ती फक्त प्रकाश अडवते. प्रकाश एकदा निम्मा केला की एक ‘स्टॉप’ झाला. दहा वेळा निम्मा केला की १०२४वा हिस्सा उरतो; दुकानदार त्याला सोयीने हजार म्हणतो. ही काच लावली की त्याच उन्हात, त्याच छिद्रावर सव्वाशेव्या भागाचे आठ सेकंद होतात. घागर तीच आणि पेलाही तोच, फक्त धार बारीक झाली.

आणि मग त्या आठ सेकंदांत काही विलक्षण घडते. चालती माणसे नाहीशी होऊ लागतात.

हे जादूचे नव्हे, साध्या त्रैराशिकाचे काम आहे. माणूस साधारण सेकंदाला सव्वा मीटर चालतो. बाजूने पाहिले तर त्याच्या देहाची रुंदी धरू या अर्धा मीटर. म्हणजे समोरच्या भिंतीचा कोणताही एक ठिपका तो सेकंदाच्या चार दशांश भागापुरताच झाकतो. झडप आठ सेकंद उघडी आहे. त्यातली साडेसात सेकंदांहून अधिक वेळ कॅमेऱ्याला ती भिंतच दिसत राहते. माणसाच्या वाट्याला येतो विसावा हिस्सा. विसात एकोणीस भाग भिंत आणि एक भाग माणूस, असा हिशेब झाल्यावर माणूस कसला दिसतो! हाच गृहस्थ सव्वाशेव्या भागात टिपला असता तर तेवढ्यात तो सेंटिमीटरभरच सरकला असता आणि त्याच्या सदऱ्याची बटणेही मोजता आली असती.

यात आणखी एक पोटभेद आहे. तो ध्यानात आला नाही तर नवशिक्याचा फार गोंधळ होतो. कॅमेरा प्रकाश साठवतो, काळोख साठवत नाही. त्यामुळे उजळ वस्तू सरकली की मागे रेघ ठेवून जाते, काळी वस्तू गुपचूप पार होते. पांढऱ्या भिंतीसमोरून काळी छत्री गेली तर तिचा मागमूस राहत नाही. पण काळ्या कातळासमोर पांढरे सदरे घातलेल्या वारकऱ्यांची दिंडी गेली तर दुधाचा ओहोळ वाहत गेल्यासारखे दिसेल. धबधब्याच्या फोटोत पाण्याचे रेशीम होते ते याच कारणाने. फेस पांढरा, खडक काळा. जो चमकतो तोच उमटतो, हा न्याय समाजात कितपत खरा आहे ते वाचकांनी ठरवावे; फोटोत मात्र तो चोख चालतो.

आता इतिहासाकडे वळू. ही करामत आज काळी काच विकत घेऊन करावी लागते. छायाचित्रकलेच्या जन्मकाळी ती कोणी न मागताच होत होती आणि लोक तिच्यापायी वैतागले होते.

पॅरिस शहर, साल १८३८. लुई दागेर नावाचा एक कल्पक गृहस्थ तिथे डायोरामा नावाचा पडद्यांचा आणि प्रकाशाचा खेळ चालवीत असे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची युक्ती त्याला साधली होती. आपल्या खिडकीतून त्याने खालच्या बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. हा रस्ता म्हणजे नाटकगृहांचा, माणसांनी आणि घोडागाड्यांनी गजबजलेला. तिथल्या रंगभूमीवर रोज इतके खून-दरोडे होत की लोक त्याला थट्टेने ‘गुन्ह्यांचा रस्ता’ म्हणत. पण दागेरच्या पत्र्यावर पाहावे तो काय! घरे आहेत, धुराडी आहेत, झाडांच्या रांगा आहेत. रस्ता मात्र ओस. साथ येऊन गाव उठून गेल्यासारखा.

कारण वर सांगितलेच आहे. त्या पत्र्याला चित्र धरायला काही मिनिटे लागत. तेवढ्यात गाड्या गेल्या, घोडे गेले, माणसे गेली. एकाचीही नोंद झाली नाही. फक्त कोपऱ्यात, पदपथाच्या कडेला एक माणूस राहिला. तो बुटांना पॉलिश करून घेत होता. एक पाय पेटीवर ठेवून उभा राहिल्यामुळे तो चित्रात सापडला. छायाचित्रात आलेला जगातला पहिला माणूस म्हणून आज त्याचे नाव घेतात. नाव घेतात असे म्हणायचे एवढेच, कारण त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याच्या पायाशी वाकलेल्या पॉलिशवाल्याचेही नाही. गिऱ्हाईक स्थिर म्हणून ते नीट उमटले. पॉलिशवाल्याचे हात चालू होते, म्हणून तो आला तो एका अस्पष्ट डागासारखा. दोघे एकाच ठिकाणी, एकाच वेळी होते. ज्याचे पाय निवांत होते तो ओळखू येतो आणि ज्याचे हात राबत होते तो पुसट होतो.

पुढच्या वर्षी, मार्च १८३९मध्ये, एक अमेरिकन पाहुणा दागेरची चित्रे पाहायला गेला. हा सॅम्युएल मोर्स, तारायंत्राचा मोर्स. तो मूळचा चित्रकार, त्यामुळे त्याची नजर तयार होती. आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या चित्राचे वर्णन केले आणि ते अमेरिकेतील वर्तमानपत्रात छापूनही आले. रस्त्यावर नेहमी गर्दी असते, पण चित्रात बूट साफ करून घेणाऱ्या एका माणसाखेरीज कोणी नाही, हे त्याने लगेच हेरले. आणखीही एक गोष्ट त्याने टिपली. त्या माणसाचे बूट आणि पाय स्पष्ट होते, कारण ते हलवायची सोय नव्हती. धड आणि डोके मात्र हलत राहिल्याने आलेच नव्हते. मौज अशी की दुसऱ्या दिवशी, ८ मार्च रोजी, दागेर उलट भेटीसाठी मोर्सचे तारायंत्र पाहायला गेला आणि तो तिथे असतानाच इकडे त्याचा डायोरामा आगीत जळून खाक झाला. एकमेकांचे शोध पाहण्यात रंगलेल्या दोन संशोधकांची ही भेट इतिहासाने अशी लक्षात ठेवली.

पुढची पन्नास-साठ वर्षे छायाचित्रकारांची सगळी धडपड या संथपणावर मात करण्यात गेली. माणसाची तसबीर काढायची तर त्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावून त्याला खांबासारखे ताठ बसवीत. जुन्या तसबिरींतले आजोबा इतके गंभीर का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या लोखंडात आहे. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी एतद्देशीयही या कलेकडे वळले. तो काळ ओल्या काचेचा होता. काच ओली असेपर्यंतच चित्र घ्यायचे, ती सुकण्यापूर्वीच ते धुवायचे, आणि मधल्या वेळात समोरच्या माणसाने श्वासही बेताने घ्यायचा. म्हणून त्या पिढीतल्या जुन्या शहरांच्या छायाचित्रांत रस्ते मोकळे दिसले, तर ‘त्या काळी किती शांतता होती हो!’ असा उसासा टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे. शांतता कदाचित काचेत असेल, रस्त्यात नसेलही.

मग सुकी काच आली, झडपा वेगवान झाल्या. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावत्या घोड्याची ओळीने चित्रे घेऊन दाखवले की धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. हे कोणत्याही डोळ्याला दिसले नव्हते. तेव्हापासून जगाने मनाशी ठरवून टाकले की चांगला फोटो म्हणजे गोठलेला क्षण. जितका क्षण बारीक तितका फोटो खरा. हललेला फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. वेग हाती आल्यावरही काही माणसे मुद्दाम संथपणाकडे परत का गेली? निव्वळ चमत्कृतीसाठी गेली असती तर या सदरात त्यांच्यासाठी जागा खर्ची घातली नसती.

व्हिएन्नात जन्मलेल्या अर्न्स्ट हासने १९५६ साली स्पेनमधल्या बैलझुंजी रंगीत फिल्मवर टिपल्या. त्याने झडप मुद्दाम सावकाश ठेवली. बैल, झुंजार आणि त्याचे लाल वस्त्र एकमेकांत वितळून गेले. शिंगांची टोके मोजता येत नाहीत, पण झुंजीचा आवेग अंगावर येतो. गोठलेल्या चित्रात बैल पुतळ्यासारखा उभा राहिला असता. मायब्रिजने घोड्याचे पाय दाखवले. हासने धावणे दाखवले. दोन्ही खरेच, पण दोन्हींचे सत्य वेगळे.

दुसरे उदाहरण याहून हृदयाला भिडणारे आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. लेनिनग्राडचे पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले, पण दुकाने रिकामी पडली आणि पगाराच्या पैशाची किंमत उरली नाही. माणसे घरातले किडूकमिडूक विकायला रस्त्यावर उभी राहिली, पावासाठी रांगा लागल्या. त्याच शहरात जन्मलेला अलेक्सेई तितारेंको हा तरुण छायाचित्रकार हे सारे पाहत होता. साधे स्वच्छ फोटो त्याला घेता आले असते. वर्तमानपत्रे तसे फोटो रोज छापतच होती. पण त्या गर्दीतल्या माणसांना आपापला चेहराच उरलेला नाही, ती सावल्यांसारखी वावरत आहेत, ही त्याची वेदना स्वच्छ फोटोत मावेना. म्हणून त्याने वासिलिओस्त्रोव्स्काया या भुयारी रेल्वे स्थानकाच्या पायऱ्यांपाशी तिपाई रोवली आणि झडप दिवसाउजेडी उघडी ठेवली.

त्या चित्रात पायऱ्यांवर धूर चढतो आहे असे वाटते. तो धूर म्हणजे माणसे. शेकडो माणसे एकमेकांना रेटत वर सरकत आहेत. कोणाचेही तोंड दिसत नाही. फक्त कठड्यावर काही हात स्पष्ट उमटले आहेत. पुढे सरकण्यापूर्वी माणसाने आधारासाठी क्षणभर जो कठडा धरला, तेवढाच त्याचा पुरावा शिल्लक राहिला. या मालिकेला त्याने ‘सावल्यांचे शहर’ अशा अर्थाचे नाव दिले. दागेरच्या रस्त्यावर माणसे नाहीशी झाली ती पत्रा संथ होता म्हणून. तितारेंकोच्या चित्रात ती धूसर झाली ती त्याला काही सांगायचे होते म्हणून. यंत्राची उणीव होती तिची भाषा झाली.

चिकित्सक वाचक इथे अडवतील, की दागेरची गर्दी नाहीशी झाली मग तितारेंकोची का नाही? प्रश्न रास्त आहे. एखादा माणूस गेला तर मागची भिंत बहुतेक वेळ उघडी राहते आणि भिंतच जिंकते. पण एकामागून एक सतत माणसे येत राहिली, तर भिंतीला तोंड दाखवायला सवडच मिळत नाही. मग भिंतही नाही आणि माणूसही नाही, गर्दीचे धुके तेवढे उमटते. एकट्याला काळ पुसून टाकतो, पण समुदायाला नाही.

जर्मनीच्या मिखाएल वेझेलीने तर कळसच केला. बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झमध्ये भिंत पडल्यावर नवे शहर उभे राहत होते. तिथे १९९७ ते १९९९ अशी दोन वर्षे त्याने कॅमेऱ्यांच्या झडपा उघड्या ठेवल्या. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाची पुनर्बांधणी चालली असता २००१पासून चौतीस महिन्यांपर्यंतचे एकेक एक्स्पोझर त्याने घेतले. त्यात पाडलेली इमारत आणि बांधलेली इमारत एकमेकींतून आरपार दिसतात, आकाशात सूर्याच्या रोजच्या फेऱ्यांच्या रेघा ओढलेल्या असतात. आणि ज्या मजुरांनी तो सारा डोलारा उभारला त्यांच्यापैकी एकही त्यात नाही. पॉलिशवाल्याची आठवण इथे होतेच.

आता थोडे व्यवहाराचे. दिवाळीच्या सुट्टीत कोणाला हात चालवून पाहायचा असेल तर त्याच्यासाठी चार गोष्टी.

भक्कम तिपाई ही पहिली गरज. तिच्या मधल्या खांबाला पिशवी अडकवावी, म्हणजे वाऱ्याने हलत नाही. बोटाने कळ दाबली की कॅमेरा हादरतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप उघडणाऱ्या झडपेची सोय वापरावी. दृश्य ठरवणे आणि भिंग जुळवणे ही कामे काळी काच लावण्यापूर्वीच उरकावीत; ती लावल्यावर नेत्रपटलातून काळोखाखेरीज काही दिसत नाही. आरशाचा कॅमेरा असेल तर मागची खिडकीही झाकावी, नाहीतर तिथून प्रकाश आत शिरतो. प्रकाश कमी करायचा म्हणून भिंगाचे छिद्र बावीस-बत्तीसपर्यंत आवळत नेऊ नये. अति बारीक छिद्राने चित्र मऊ पडते. आणि या काचेतून सूर्याकडे कधीही पाहू नये. ती फोटोसाठी आहे, डोळ्यांसाठी नव्हे.

पैसे बेताचे असतील तर वेल्डिंगच्या मुखवट्याची काच चालते. तिने चित्राला हिरवट झाक येते. पण ते काळेपांढरे करून टाकले की कोणाला पत्ता लागत नाही.

किती वेळ झडप उघडी ठेवावी, याचे उत्तर समोर काय हलते आहे त्यावर आहे. धबधब्याला पाव ते एक सेकंद पुरे. त्याहून जास्त झाले की पाण्याचा कापूस होतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आपटणाऱ्या लाटेच्या धारा हव्या असतील तर सेकंदभर. समुद्राचे धुके हवे असेल तर तीस सेकंद. ढगांना मिनिट-दोन मिनिटे द्यावीत. मंडईतल्या गर्दीला अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करून पाहावी. एखादा भाजीवाला मांडी घालून बसला आहे आणि त्याच्या भोवती गिऱ्हाइकांचा प्रवाह फिरतो आहे, असे दृश्य मिळाले तर सोडू नये. मात्र आडवा जाणारा माणूस लवकर विरतो, समोरून चालत येणारा विरत नाही. तो चित्रात बराच वेळ एकाच जागी राहतो.

अजून फिल्म वापरणारे हौशी आहेत. त्यांनी एक ध्यानात ठेवावे. प्रकाश फार मंद झाला की फिल्म आळसावते. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मला हिशेबाने एक सेकंद येत असेल तर दोन द्यावे लागतात. दहा येत असतील तर पन्नास, आणि शंभर येत असतील तर बाराशे. डिजिटल कॅमेऱ्याला हा आळस नाही.

मोबाइलवाल्यांनीही खट्टू होऊ नये. एकाच जागेवरून वीस-तीस साधे फोटो घेऊन संगणकात त्यांची सरासरी काढली तर हाच परिणाम साधतो. काही फोन हे काम पोटातल्या पोटातच करतात. सरासरीऐवजी प्रत्येक ठिपक्याचे मधले मूल्य निवडले तर त्याहून अजब घडते. निम्म्याहून कमी फोटोंत जो एखाद्या जागी दिसला, तो तिथून पुरता गायब होतो, सावलीसुद्धा ठेवत नाही. प्रसिद्ध वास्तूंपुढची गर्दी हटवून निर्मनुष्य चित्र काढण्यासाठी ही युक्ती हल्ली सर्रास वापरतात. (आपल्याकडे संरक्षित स्मारकांच्या आवारात तिपाई न्यायला परवानगी लागते, म्हणूनही ती सोयीची पडते.)

पण या सोयीबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. देऊळ एकटे उभे दिसले की सुंदर दिसते, हे खरे. तरीही ते देऊळ माणसांसाठी बांधले होते. पायऱ्या झिजल्या त्या पावलांनीच. ती पावले काढून टाकून उरलेला दगड ‘जसा आहे तसा’ म्हणून दाखवणे म्हणजे अर्धेच सांगणे. कॅमेरा खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो; कोर्टात आणि वर्तमानपत्रात त्याची साक्ष काढतो. दागेरचा पत्रा खोटे बोलला काय? मुळीच नाही. त्याने समोरच्या रस्त्यावरचा प्रकाश प्रामाणिकपणे मोजला. तरीही भरल्या रस्त्याला त्याने ओस ठरवले. कारण साक्षीदार किती वेळ पाहत होता, हे आपण त्याला विचारले नाही.

तेव्हा यापुढे एखादे छायाचित्र हाती आले, की कुठले, कोणाचे आणि केव्हाचे या तीन प्रश्नांना चौथा जोडावा: किती वेळाचे? सव्वाशेव्या भागाचे की आठ सेकंदांचे, मिनिटाचे की महिन्यांचे? आणि चित्रात माणसे दिसत नसतील, तर ती तिथे नव्हतीच असे घाईने मानू नये. कदाचित ती कामाला लागलेली असतील.